चौथ्या गाण्यातला सांधा

टाळ्या कापायचं काम मी आठव्या वर्षापासून करत आलेय. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये शनिवारी संध्याकाळी रेडिओवर एखादी मैफल लागली की बाबा कोरी कॅसेट घालायचे आणि मला टेपरेकॉर्डरसमोर पाटावर बसवायचे. गाणं संपत आलं की माझं बोट पॉजच्या बटणावर. टाळ्या सुरू व्हायच्या आत दाबायचं, निवेदकाची बडबड जाऊ द्यायची आणि तानपुरा परत ऐकू आला की सोडायचं. "टाळ्या ऐकायला का कॅसेट आणलीय?" असं बाबांचं म्हणणं. मला ते इतकं जमायला लागलं की घरी कुणी आलं की बाबा मुद्दाम कॅसेट लावायचे. "पोरीचा हात बघा. सांधा कळतोय का कुठे?" पाहुणे कान टवकारून ऐकायचे आणि माना हलवायचे. मी आपली कोपऱ्यात अभिमानाने फुगून बसलेली.

हे आधीच सांगून टाकतेय, कारण पुढे मी जे करून ठेवलं ते आळसाने किंवा निष्काळजीपणाने नाही केलं. चांगल्या सवयीने केलं. आणि म्हणूनच त्याचा राग आजही जात नाही.

मी सिडनीला आले तेव्हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा इथे नुसता लोंढा येत होता. कुणी अकाउंटिंग, कुणी कुकरी, कुणी केस कापायचा कोर्स. सगळ्यांचा डोळा पीआरवर, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यावर. मी कंप्युटरमध्ये मास्टर्स करत होते. वेंटवर्थव्हिलला दोन बेडरूमच्या युनिटमध्ये आम्ही पाच जणी राहायचो आणि बाथरूमच्या दारावर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आठवड्याला वीसच तास काम करायची परवानगी, त्यामुळे मिळेल ते काम. मला मिळालं म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन साफसफाई करायचं. एजन्सी पत्ता द्यायची, मी व्हॅक्यूम मारायचा, कपडे धुवायचे, दूध-ब्रेड आणून ठेवायचा आणि दोन तासांत पुढच्या घरी पळायचं. आईला मी फोनवर "कम्युनिटी सर्व्हिस" असं सांगितलं होतं. पुण्यात स्वतःचं ताट न उचलणारी मी इथे लोकांचे संडास घासतेय, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

शुक्रवारी दुपारचं घर पेंडल हिलला होतं. तिथे एक आजोबा एकटेच राहायचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी पर्थला. वय सत्तरीच्या पुढे, डोळे अधू झालेले, पण कान मांजराचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की सर म्हणायचं नाही, नावाने हाक मार. आता आजोबांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभच वळेना. आजोबा म्हटलं तर त्यांना कळेना. शेवटी मी त्यांना सहा महिने हाकच मारली नाही. नुसती खोलीत जाऊन खाकरायची.

त्यांच्याकडे तबकड्या होत्या, भिंतभर. जुने अमेरिकन गायक, सूट-बो घालून हॉटेलांमधून आणि क्लबांमधून गाणारे, मागे पितळी वाद्यांचा ताफा. पण सगळी रेकॉर्डिंग लाइव्ह. स्टुडिओतलं एकही नाही. "स्टुडिओत नुसतं गाणं असतं," आजोबा म्हणायचे. "यात खोली असते." तबकडी चालू असताना व्हॅक्यूम लावायला सक्त मनाई. मी आपली पाइप हातात धरून उभी, घड्याळाकडे बघत, आणि ते मला समजावून सांगताहेत: "ऐक, आता मेन कोर्स आला. काटे-चमचे बघ. म्हणून त्याने संथ गाणं घेतलं. आता ताटं उचलायला सुरुवात होईल, बघ कसा जोरात बँड काढतो तो. आवाज झाकायला."

कारण आजोबा तरुणपणी वेटर होते. शहरातल्या एका मोठ्या नाइटक्लबमध्ये, जिथे असे परदेशी गायक यायचे. पुढे तीस वर्षं बस चालवली, पण विचाराल तर ते वेटरच. गाण्याच्या मागे कुठे बर्फ वाजला, कुठे खुर्ची सरकली, हॉल भरलाय की अर्धा रिकामा, सगळं त्यांना ऐकू यायचं. मला ऐकू यायची फक्त माझी पुढची बस. काय हा डोक्याला ताप, असं मनात म्हणत मी "ओह, नाइस" म्हणायची.

दर शुक्रवारी तो माणूस माझ्यासमोर हेच सांगत होता, की गाण्यापेक्षा गाण्याभोवतीचं त्याला हवंय. कळायला काय धाड भरली होती मला?

मग पर्थची मुलगी आली आणि ठरलं की घर विकायचं, वडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवायचं. तिथे खोली इवलीशी. तबकड्या आणि तो भला मोठा प्लेअर न्यायचा नाही, एक छोटा सीडी प्लेअर चालेल. आजोबांनी वाद घातला नाही. फक्त शुक्रवारी मी गेले तर त्यांनी मला व्हॅक्यूम काढूच दिला नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून टेपचं एक रीळ काढून माझ्या हातात ठेवलं.

क्लबमधल्या साउंडवाल्याने एका रात्रीचा कार्यक्रम टेप केला होता आणि आजोबांना त्याची प्रत दिली होती. मूळ टेप केव्हाच हरवलेली, जगात उरली ती तेवढी एकच. घरातलं रीळ वाजवायचं मशीन कधीच बंद पडलेलं. "तू कंप्युटरवाली आहेस. याची सीडी होईल का?" त्यांनी विचारलं. "तिकडे मला कुणी ओळखत नाही. हे असलं की मी कोण ते दाखवता येईल." आणि मग जरासं लाजून, लाल होऊन म्हणाले, "चौथ्या गाण्यात एक गोंधळ आहे. ऐकशील तेव्हा कळेलच."

मी म्हटलं, "नो वरीज." इथे येऊन शिकलेला पहिला खोटारडेपणा तो.

युनीच्या, म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीच्या, मीडिया लॅबमध्ये एक रीळवालं मशीन होतं. तिथल्या टेक्निशियनच्या मी चार दिवस मागे लागले. त्याने टेप बघून आधीच बजावलं की हिचा थर सुटायला आलाय, एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेल याची गॅरंटी नाही. तसंच झालं. रीळ फिरत गेलं तसा मशीनवर तपकिरी भुगा पडत गेला. पण आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये आला, अख्खा, पाऊण तासाचा. मी खूश. टेक्निशियनने मला "वेल डन, मेट" म्हटलं.

आणि मग मी घरी जाऊन माझं कौशल्य दाखवलं.

स्क्रीनवर आवाजाच्या निळ्या रेघा दिसत होत्या. टाळ्या कुठे आहेत ते ऐकायचीही गरज नव्हती. गाणं संपलं की जाड पट्टा दिसायचा. तो धरायचा आणि उडवायचा. गाण्यांच्या मधलं गायकाचं बोलणं, लोकांचं खिदळणं, कुणाचा खोकला, सगळं काढलं. चौथं गाणं आलं. संथ, हळवं गाणं, नुसता पियानो. आणि ऐन कडव्यात खळ्ळकन काहीतरी फुटलं. एकदा नाही, फुटतच राहिलं, ग्लासांवर ग्लास. मग शिट्ट्या, टाळ्या. गायक गाणं थांबवून काहीतरी बोलला, चार-पाच शब्द, आणि अख्खा हॉल हसून लोळला. मग त्याने तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

अरे हां, म्हटलं, हाच तो गोंधळ. बिचारे आजोबा, म्हणून लाजत होते. एवढी जपलेली टेप आणि कुणा गाढवाने तिची वाट लावली.

त्या जागेवर मी अख्खा रविवार घालवला. ओळ तुटली तिथून पुन्हा धरली तिथपर्यंतचा तुकडा काढला आणि पियानोचा सूर असा जुळवला की काय सांगू. तीन वेळा, चार वेळा ऐकून बघितलं. सांधा कळत नव्हता. बाबांना फोन करून स्पीकरवर ऐकवलं. त्यांना इंग्रजी गाण्यातलं काडीचं कळत नाही, पण म्हणाले, "वा! कुठे कापलंस, सांग बघू." मी सांगितलं नाही, नुसती हसले.

सीडी झाली. लॅपटॉपची डिस्क गच्च भरलेली आणि माझी असाइनमेंट उघडत नव्हती. लुधियानाची रूममेट मागून बघत होती, म्हणाली, "अरे यार, इतनी बड़ी फाइल क्यूँ रखी है? उड़ा दे ना." उडवली. वर रिसायकल बिनही रिकामी केली, कारण मी फार व्यवस्थित मुलगी आहे.

आजोबा होममध्ये गेले. जुन्या घरासमोर फूटपाथवर काउन्सिलच्या क्लीन-अपसाठी, म्हणजे कचऱ्याच्या गाडीसाठी, ढीग लागला: गाद्या, दिवे, तो प्लेअर, बिस्किटांचे डबे. रीळ मी परत करून "आता वाजत नाही" असं सांगितलं होतं. ते त्यातच गेलं असणार. दोन आठवड्यांनी आजोबांचा फोन आला. शुक्रवारी तीन वाजता चहाला ये, सगळ्यांना ऐकवणार आहे. मी शिफ्ट बदलून गेले. मला कौतुक करून घ्यायचं होतं, खोटं कशाला बोलू?

डायनिंग हॉलमध्ये बारा-पंधरा म्हातारी माणसं बसली होती. आजोबांनी टाय लावला होता. त्यांच्याच टेबलावर एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. इथे आल्यापासून आजोबांनी सगळ्यांना काय सांगितलंय ते त्यांनीच मला सांगितलं. "याचं म्हणणं, हा एका मोठ्या गायकाबरोबर रेकॉर्डवर आहे." आवाजात पट्टी मारल्यासारखा सूर. आजोबा नुसते हसले. मी विचारात पडले, की हे गायले कधी?

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. प्रत्येक गाणं संपलं की आजोबांची मान जराशी वर व्हायची आणि लगेच पुढचं गाणं सुरू झालं की खाली. मला वाटलं, त्यांना सफाई आवडतेय. चौथं सुरू झालं. आजोबांनी हात वर केला. "आता," ते म्हणाले. "आता ऐका. हा मी."

पियानो वाजत राहिला. गायक ती ओळ गायला, पुढची गायला, कडवं पुरं केलं, गाणं संपलं. कुठे खोट नाही की खरचटल्याची खूण नाही. आजोबांचा हात तसाच वर.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो ट्रे. बावीस वर्षांचा वेटर, भरलेल्या ग्लासांचा ट्रे, आणि ऐन गाण्यात तो हातातून सुटतो. गायक गाणं थांबवून त्याच्यावर काहीतरी बोलतो, आणि हॉल हसतो. त्या गाढवाची वाट बघत अख्खं टेबल बसलं होतं, आणि ते गाढव माझ्या शेजारी टाय लावून बसलं होतं.

"नव्हतंच का ते?" मास्तरीणबाई म्हणाल्या. रागाने नाही, अगदी मऊ आवाजात. ते जास्त वाईट होतं.

आजोबा मशीनकडे बघत होते. "असेल पुढे," ते म्हणाले. पाचवं गाणं सुरू झालं होतं.

मी उठले. धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण उठले. "ते होतं," मी म्हटलं. "ट्रे पडला होता, ग्लास फुटले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी ऐकलंय. मीच कापलं ते. मला वाटलं, चूक आहे." माझं इंग्रजी अशा वेळी हमखास लंगडं होतं; काळ चुकले, शब्द अडले. सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. मास्तरीणबाईंनी माझ्या हातावर थोपटलं. "किती गोड मुलगी आहेस गं," त्या म्हणाल्या.

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. मी खरं सांगत होते! आयुष्यात इतकं खरं, इतक्या लोकांसमोर, कधी बोलले नव्हते, आणि ते माझी दयाबुद्धी समजत होते. म्हाताऱ्याची लाज राखायला पोरगी खोटं बोलतेय, अशी सगळ्यांची खात्री. मी आणखी जोरात सांगितलं, तशी त्यांची खात्री आणखी पक्की झाली. कुणीतरी माझ्यापुढे केकची बशी सरकवली. "नो वरीज, लव्ह," आजोबा म्हणाले आणि सीडी बंद केली.

पुढचे दहा दिवस मी लॅपटॉपशी झटापट केली. पुसलेली फाइल परत आणायची म्हणून युनीतल्या सगळ्या हुशार पोरांचं डोकं खाल्लं. एका नागपूरच्या मुलाने कुठलंसं सॉफ्टवेअर आणून दिलं. त्यातून निघाले माझ्या असाइनमेंटचे तुकडे आणि रूममेटच्या चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो. मूळ फाइलच्या जागेवर ते लग्न येऊन बसलं होतं. कंप्युटरमध्ये मास्टर्स, आणि एक फाइल सांभाळता आली नाही. मग मी बाबांना फोन करून भांडले. "तुम्हीच शिकवलंत मला हे. टाळ्या म्हणजे कचरा!" बाबांनी मला आधी ओरडू दिलं. मग म्हणाले, "अगं पण ती आपली साधी कॅसेट होती. साठ मिनिटांची. जागा पुरायची नाही म्हणून कापत होतो." एवढंच. मी इतकी वर्षं समजत होते की आम्ही संगीत शुद्ध करतोय.

माझ्या लॅपटॉपवर पाऊण तास सहज मावला असता. त्यातलं काहीही कापायची गरज नव्हती.

मी दर शुक्रवारी होमला जात राहिले, एजन्सीच्या कामाचा भाग नसतानाही. त्यात माझा चांगुलपणा नव्हता, मला घरी बसवत नव्हतं. दर वेळी मास्तरीणबाईंना पुन्हा सांगायची, की ते खरं होतं. त्या दर वेळी "हो गं बाळा" म्हणायच्या. आजोबा नवीन कुणाला ती गोष्ट सांगत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. बस चालवल्याचं सांगायचे. बसबद्दल कुणी शंका घेत नाही.

एका शुक्रवारी आम्ही दोघंच बाहेरच्या बाकावर बसलो होतो. माझी बस यायला अवकाश होता. आजोबा म्हणाले, "त्यांचं सोड. मला एक सांग. तो काय म्हणाला?"

"कोण?"

"गायक. ट्रे पडल्यावर. मी टेबलाखाली काचा गोळा करत होतो, कानात नुसती घंटा वाजत होती, मला हसणंच ऐकू आलं. माझी बायको तेव्हा तिथे कोट सांभाळायच्या काउंटरवर होती, तिने ऐकलं होतं. ती एक सांगायची. मग टेप मिळाली, ती ऐकून मला वेगळंच वाटायचं. आम्ही यावरून खूप भांडायचो. मशीन दुरुस्त करू आणि एकदा नीट ऐकून निकाल लावू, असं ठरलं होतं. राहूनच गेलं." ते माझ्याकडे वळले. डोळे माझ्या चेहऱ्यावर नीट लागत नव्हते, कान मात्र माझ्याकडे होते. "ते ऐकलेलं आता तूच उरलीस."

मी आठवायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. फुटणारे ग्लास आठवले. शिट्ट्या आठवल्या. ती निळी रेघ कुठे उंच झाली आणि कुठे बसली, ते डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं राहिलं. आत्ता कागदावर काढून दाखवलं असतं. चार-पाच शब्द होते. कापायची जागा शोधताना मी ते कितीदा तरी वाजवले होते. त्या क्षणी काहीतरी बनवून सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, इतके ते वाट बघत होते. पण एवढं झाल्यावर त्यांच्या गाण्यात आणखी एक सांधा मारायची माझी हिंमत झाली नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी ऐकत नव्हते. मी कापत होते."

आजोबांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, तुझी बस आली. मला रस्त्यावर काहीच दिसत नव्हतं, पण त्यांना वळणापलीकडून ती ऐकू आली होती.